चुलीमागची भिंत

“हेमकांत, तुन्हा आप्पाले सांग, मफलर नीट गुंडाळा म्हना. मंग रातभर खोकतस आन दुसऱ्यानी झोप मोडतस.”

दगूबाई हे म्हणाली तेव्हा सुपडू आप्पा तिच्यापासून दोन हातांवर उभे होते आणि त्यांचे कान शाबूत होते. त्यांनी मुकाट्यानं मफलर गुंडाळला आणि ते पुतण्याकडे बघून म्हणाले, “तुन्ही मोठी मायले सांग, गुंडाळी लिधा. आते चाल म्हना.”

हेमकांतनं दोन्ही निरोप ऐकले आणि एकही पोचवला नाही. या टपालाची त्याला पाळण्यापासून सवय होती. दगूबाई लग्न होऊन आली त्या काळी सासू-सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी तोंडातोंडी बोलणं म्हणजे भलताच आगाऊपणा. म्हणून गोठ्यातल्या गाईला सांगायचं, “भाजी गार व्हई ऱ्हायनी वं माय,” की ओट्यावर बसलेला माणूस समजून जेवायला उठायचा. पुढे सासरे गेले, सासू गेली, चार गाई बदलल्या, पण सवय काही गेली नाही. घरात पोरं असली तर पोरांकरवी, पोरं नसली तर मांजराकरवी, असा त्या दोघांचा संसार चाळीस वर्षांच्या वर बिनबोभाट चालला होता. वाईट चालला असं कोणी म्हणू नये. फक्त मांजराला सांगता येतं तेवढंच बोलणं व्हायचं, आणि मांजराला सांगता न येणारं राहून जायचं.

रॉटरडॅमला येऊन आज सहावा दिवस होता. हेमकांत इथल्या एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढतो. तो सहा वर्षांचा असताना गिरधर, म्हणजे त्याचा बाप, गेला. आई तर त्याच्या आधीच गेलेली. तेव्हापासून मोठा बाप आणि मोठी माय हेच त्याचे आईबाप. दहावीला शहाद्याला खोली घेऊन दिली तेव्हा दगूबाई रोज पहाटेच्या एसटीत कंडक्टरच्या हाती डबा द्यायची. त्या डब्याची आठवण काढल्याशिवाय हेमकांतचा एक दिवस जात नाही, असं मोहिनी, त्याची बायको, काल भांडी घासताना सांगत होती. आणि हे ऐकून दगूबाईला उगाच पाण्याचा नळ जोरात सोडावा लागला होता.

पण या पाहुणचारामागे एक काम होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावचं, कळसाडीचं घर पाडायचं. भूपेंद्र, आप्पांचा थोरला, दोन वर्षं मागे लागला होता. नकाशा हेमकांतनं काढून दिला होता: दोन मजले, वर गच्ची, पुढे ट्रॅक्टर उभा राहील एवढा पोर्च. पावसाआधी पाया भरायचा तर आता हलायला हवं होतं. परवा सोमवारी जेसीबी येणार होता आणि त्याला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हणायचे ते आप्पा. आणि आप्पा दोन वर्षं ना हो म्हणत होते, ना नाही. विषय निघाला की उठून शेतात जात होते.

दगूबाईला मात्र हो हवं होतं. मनापासून हवं होतं, आणि पोर्चसाठी नव्हे, गच्चीसाठी नव्हे. तिला तिच्या चुलीच्या मागे खिडकी हवी होती. तापीच्या पुरानं जुन्या वस्तीतलं घर नेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घाईघाईनं उभा केलेला तो अंधारा सैपाकघराचा तुकडा “चार महिन्यांपुरता” होता. त्या चार महिन्यांना चाळीस वर्षं झाली. दिवसासुद्धा बल्ब लावून तिनं भाकरी थापल्या. आणि भिंतीला साधी फट पाडू म्हटलं, तर बाहेरून तिथंच आप्पा दरसाल कापसाच्या पऱ्हाट्या, त्या वाळक्या काड्या, रचणार. एवढं मोठं आवार पडलंय, पण नाही! त्याच भिंतीला खेटून, पुरुषभर उंच. दर माघात ती गाईला म्हणायची, “दुसरी जागा दिसत नही का कोनले?” पण गाईला सांगून पऱ्हाट्या काही हलल्या नाहीत. नव्या नकाशात मात्र खिडकी होती. चांगली चार फुटी. तिनं ती कोणाच्या नकळत बोटानं चाचपली होती.

*

“आता बघा मोठी माय, घाबरायचं नाही हं,” मोहिनी म्हणाली आणि तिनं वर बोट दाखवलं.

दगूबाईनं वर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पिवळीजर्द घरं एका कोपऱ्यावर उभी! फासे टाकावेत आणि त्यातले काही अर्धवट कलंडून तसेच थांबावेत, तशी. प्रत्येक घराखाली एकच जाड खांब, वर तिरप्या भिंती, तिरप्या खिडक्या.

“हाई पडी ऱ्हायनं का काय?”

“चाळीस वर्षांपासून तसंच आहे. लोक राहतात त्यात.”

“लोके? कपाट कोठे ठेवतस हाई लोके? आन बाळंतीणनी खाट?”

त्यातलं एक घर तिकीट काढून बघता येत होतं. आप्पा जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबत होते, पण दमून नव्हे. कठड्यावरून हात फिरवत होते, भिंतीला टिचक्या मारत होते. वरच्या खोलीत पोचल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून पितळी ओळंबा बाहेर काढला.

हेमकांत कपाळाला हात लावून हसायला लागला. “आप्पा! हाऊ आठे बी लई उनात तुम्ही?”

आणला म्हणजे काय, मुंबईच्या विमानतळावर त्यापायी रामायण झालं होतं. पिशवीतून टोकदार पितळ निघाल्यावर तिथल्या माणसानं आप्पांना बाजूला घेतलं होतं. “हे काय आहे?” तर आप्पा म्हणे, “भित सरळ शे का नही ते सांगस हाऊ.” शेवटी तो मोठ्या बॅगेत गेला, आणि इथं उतरल्यावर पहिल्यांदा आप्पांनी बॅग उघडून तो आहे ना बघितलं, औषधांची डबी नंतर.

आता त्यांनी दोरीचं टोक तिरप्या भिंतीला वर धरलं आणि ओळंबा खाली सोडला. तो हलला, फिरला आणि स्थिर झाला. भिंत एकीकडे चालली होती, दोरी सरळ खाली. दारातली गोरी बाई तिकिटं सोडून बघायला आली. आप्पांनी जमिनीवर बसून दोरीच्या तळापासून भिंतीपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं, मग खांब कुठं येतो ते हेमकांतला विचारलं, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“देख, देख! सगळं वजन मधला खांबवर उतारी दिधं त्यास्नी. वाकडं दिसस, पन पडाव नही. व्वा रे भाऊ!”

“बरोब्बर,” हेमकांत म्हणाला. “आप्पा, मी सात वर्षांना व्हतू, तवय तुम्ही माले हाईच दोरी धराले दिधी व्हती. गोठानी भित बांधी ऱ्हायन्तात. मी हलनू ते टपली मारी. माले हाऊ धंदा तठेच लागना.”

आप्पांनी दोरी अंगठ्याभोवती गुंडाळली, पण गुंडाळायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ लावला.

दगूबाई तोवर त्या घराच्या सैपाकघरात जाऊन उभी राहिली होती. एवढंसं सैपाकघर. वाटीत वाटी ठेवल्यासारखं सगळं. पण शेगडीसमोर खिडकी होती, खाली झुकलेली, आणि तिच्यातून रस्ता दिसत होता: सायकली, ट्राम, लाल गाडीत बसलेलं बाळ. इथं भात शिजत ठेवून माणूस अख्खा गाव बघू शकेल. ती तिथून हलेचना.

मोहिनी मागून आली. पोरगी हुशार, सहा दिवसांत तिनं बरंच ओळखलं होतं. “मोठी माय, तुम्हाला नवं सैपाकघर हवंय ना?”

“माले काय करनं? दोन भाकरी तं थापनी.”

“मग एकदा आप्पांना सरळ सांगा की. तुमचं ते टाळणार नाहीत.”

“मी?” दगूबाईनं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू तिनं विमान चालवायला सांगितलं होतं. “ते घर त्यास्नी सोताना हातखाल बांधं. पुरमां सगळं गयं, दावनीनी गाय गयी, धान्याना कनग्या गयात. त्या मानुसनं घर पाडा म्हनाले मन्ही जीभ कशी वळी? आते तू बी त्यास्ले काही सांगू नको. मन्ही आन शे तुले.”

मोहिनीनं मान डोलावली. पण ती जिना उतरली ती थेट नवऱ्याच्या बाजूला जाऊन काहीतरी कुजबुजली. दगूबाईला ते दिसलं. सून म्हणजे शेवटी नवऱ्याच्याच बाजूची, असं तिला वाटलं, आणि मनातल्या मनात जरा बरंही वाटलं.

*

रस्त्यात एका जागी हेमकांत थांबला. फरसबंदीत एक लहानसा दिवा बसवलेला होता, त्याच्या काचेत लाल ज्वाळेचं चित्र.

“आप्पा, मोठी माय, आठे देखा. हाई आगनी शीव शे.”

त्यानं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, मे महिन्यातल्या एका दुपारी, जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. पाव तासाचं काम. मग आग लागली आणि ती दोन दिवस पसरत गेली. जिथवर ती पोचली तिथवर हे दिवे बसवलेत. दिव्यांच्या रांगेच्या आतलं सगळं जळालं, बाहेरचं वाचलं.

दगूबाई चटकन दिव्यावरून बाजूला झाली. कळसाडीच्या घरात दारामागे आप्पांनी गेरूनं एक रेघ ओढलेली आहे, दगूबाईच्या खांद्याएवढी. जुन्या वस्तीत तापीचं पाणी किती चढलं होतं ते त्यांनी नव्या घरात आणून काढलं होतं. दर दिवाळीला भिंती रंगवल्या तरी ती रेघ कोणी पुसत नाही. तिला वाटलं, माणसं कुठलीही असोत, हिशेब एकाच तऱ्हेनं ठेवतात.

“कितला लोके मयनात?” आप्पांनी विचारलं.

“शेकड्यांनी. आन ऐंशी हजार उघड्यावर पडनात.”

आप्पांनी टोपी काढली. उघड्या डोक्यानं ते थोडा वेळ त्या दिव्याकडे बघत उभे राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या सायकली त्यांना वळसा घालून गेल्या.

“मंग बांधं कसं इतलं?”

“पहिले सगळं साफ करं. काही भिंती उभ्या व्हत्यात, त्या बी पाड्यात. ते समोरनं चर्च दखतस ना, ते ऱ्हाऊ दिधं, आन आखो दोनचार. बाकी सगळं नवं. काही लोके म्हनेत, व्हतं तसंच बांधा. पन त्यास्नी ठरावं, नवं बांधानं.” हेमकांतनं मोहिनीकडे एकदा बघितलं, आणि धीर करून पुढं म्हणाला, “आप्पा, म्हनीसन तुम्हले आठे आनं. जुनं पाडं म्हनजे इसरनूत असं नही. भूपेंद्रदादा वाट देखी ऱ्हायना...”

“उभ्या भिंती पाड्यात,” आप्पा मधेच म्हणाले. त्यांचा आवाज कडक झाला होता. “ज्यास्नी त्या बांध्या व्हत्यात, त्यास्ले इचारं का कोनी?”

हेमकांतनं नाही अशी मान हलवली.

“नही ना इचारं? मंग माले काय सांगस तू?”

आणि टोपी डोक्यावर चढवून ते पुढे चालू लागले. झालं. हे आप्पांचं नाही होतं, इतक्या स्पष्ट शब्दांत पहिल्यांदाच. स्वतः बांधलेल्या भिंतींचा अभिमान. पुरुषांचं असंच असतं, आणि त्यांचा तो अभिमान खराही होता; बोलणार काय त्यावर? मोहिनी तिचा हात धरायला आली, तर दगूबाईनं तो हात हळूच सोडवून घेतला आणि चष्मा पुसायचं निमित्त केलं.

*

मग बाजार आला. बाजार कसला, घोड्याच्या पालथ्या नालेच्या आकाराची डोंगराएवढी इमारत. कमानीच्या जाडीत माणसांची घरं, पोटात बाजार, आणि वरच्या अख्ख्या छतावर रंगवलेली फळं, भाज्या, कणसं, फुलपाखरं. एकेक चेरी बैलगाडीएवढी. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात ऊस घेऊन गेल्यावर पहिल्यांदा ती यंत्रं बघून दगूबाईनं जसे हात जोडले होते, तसे ते आपोआप जोडले गेले.

“आठे बसा दोघं. हलायचं नही,” हेमकांतनं एका बाकाकडे बोट दाखवलं. त्याचा फोन वाजत होता. भूपेंद्रचाच असणार, कळसाडीला साडेपाच वाजले असतील. आप्पांच्या देखत बोलायला नको म्हणून तो फोन घेऊन बाहेर गेला. मोहिनी काहीतरी खायला आणायला गेली. दगूबाईची पिशवी, चष्म्याचं घर, आप्पांचा फोन, सगळं मोहिनीच्या खांद्यावर.

मग दगूबाईला समोर केळी दिसली. आता शहादा तालुक्यातली बाई केळी दिसल्यावर बाकावर बसून राहील काय? ती उठली. पहिल्या गाळ्यावर नाक लावलं, दुसऱ्यावर घड दाबून बघितला, तिसरा पलीकडच्या वळणावर होता. मागे वळून बघते तर आप्पा मागे, आणि बाक कुठंच नाही. कमानीला दोन्ही बाजूंना सारखीच काच, सारखेच दरवाजे, आणि माणसं म्हणजे मंगळवारचा बाजार.

“हरायनूत का काय?” तिच्या तोंडून निघालं.

कोणाला विचारलं ते तिला तेव्हा कळलं. आजूबाजूला हेमकांत नव्हता, मोहिनी नव्हती. गाय नव्हती, मांजर नव्हतं. आप्पांनीही इकडेतिकडे बघितलं. मग ते शेवटी केळ्यांच्या घडाकडे बघून म्हणाले, “हाई केळी कच्ची तोडेल शे. जहाजमां पिकाडतस.”

“आपली बरी यान्हापेक्षा,” दगूबाई केळ्यांना म्हणाली.

“आपली बरी,” आप्पांनी केळ्यांना सांगितलं.

गाळेवाल्या माणसानं त्या केळ्यांकडे जरा काळजीनं बघितलं. वरून एक ढब्बू मिरची त्यांच्याकडे बघत होती. आप्पांनी खिशात हात घातला, ओळंबा चाचपला, आणि एकदम वळले.

“दगू,” ते म्हणाले.

हे नाव त्यांच्या तोंडून तिनं दोनदाच ऐकलं होतं: एकदा पुराच्या दिवशी पाण्यातून, आणि एकदा गिरधर गेला तेव्हा.

“हेमकांत माले वाईट म्हनी. भूपेंद्र बी म्हनी ऱ्हायना. म्हनू दे. पन ती भित मी पाडाव नही. तुले इचारीसन बी पाडाव नही, कारन तू हा म्हनशी, आन मनमां रडशी.”

“कोनती भित?”

“चुलीमांगली.”

दगूबाई त्यांच्याकडे वळली.

“करमसिंग गवंडी पेरनीले निंघी गया,” आप्पा घाईघाईनं बोलत होते, जसं काही मोहिनी येऊन ठेपायच्या आत संपवायचं होतं. “पावसानं पानी माथावर उनं व्हतं. मन्हा उजवा हात मोडेल, गळामां बांधेल. गिरधर गाडी लई गयथा जुनी वस्तीवर. मंग तू कास्टा मारा, आन चार दिनमां ती भित तू एकलीनी उभी करी. मी फकत डावा हातखाल दोरी धरी. तुन्हा हातले इतला फोड उनथात, तरी भाकरी बी तूच करी ऱ्हायन्ती. त्या साली तू नसती, ते आम्ही सगळा पानीमांच बसतूत. हाई मी तुले कधी बोलनू नही. लाज वाटे. बोलाले पाहिजे व्हतं.”

आजूबाजूला माणसं हसत होती, काहीतरी तळल्याचा वास येत होता. दगूबाईला आपल्या हातांकडे बघावंसं वाटलं. ते चार दिवस तिला चांगले आठवत होते. पण ते कोणाच्या लक्षात असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. घर “आप्पांनी बांधलं” असंच सगळे म्हणत, तीसुद्धा तसंच म्हणे.

“आन आखो एक,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. “ती भित दोन बोटं भाहेर झुकेल शे. चूक मन्ही. डावा हात कापे, दोरी हलनी. मी दुसरा दिन देखं. पन तुले सांगतू कसं? इतलं करं तू, आन मी म्हनू का वाकडी जायी? मंग कोनले दिसाले नको म्हनीसन मी तठे पऱ्हाट्या रची दिध्यात. दरसाल रचस. भितले टेका बी व्हस.”

क्षणभर दगूबाईला काही समजेना. मग समजलं, आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं किती आणि कशाचं किती ते तिला सांगता आलं नसतं.

“काय जायं?” आप्पा घाबरले.

“चाळीस साल!” ती म्हणाली. सरळ, त्यांच्या तोंडाकडे बघून. “चाळीस साल मी त्या पऱ्हाट्यास्ले शिव्या दी ऱ्हायनू! अहो, त्याच भितमां माले खिडकी पाहिजे व्हती! माले काय करनी ती भित? माले उजेड पाहिजे. मी म्हनू, घर तुम्हनं, तुम्हले दुख व्हई, म्हनीसन गप ऱ्हायनू...”

“तू मन्हाकरता गप ऱ्हायनी?”

“मंग कोनाकरता?”

मग आप्पाही हसले, आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. दोन म्हातारी माणसं केळ्यांच्या गाळ्यासमोर डोळे पुसत हसताहेत, हे बघून गाळेवाल्यानं एक केळं सोलून दोन तुकडे करून पुढं केलं. दगूबाईनं हात जोडून ते घेतलं. तसं ते वाईट नव्हतं.

*

“आहेत! इकडे आहेत!” मोहिनी धावत आली, हातातले तळलेले मासे सांडत. मागून हेमकांत, चेहरा पांढराफटक. “आप्पा, बाकवरून हलू नका सांगं व्हतं ना! माले वाटनं...” पंचेचाळिशीचा बाप्या, पण बाप गेला तेव्हाचा तो सहा वर्षांचा पोरगा गर्दीत आईचा पदर सुटल्यासारखा दिसत होता. दगूबाईनं त्याचा हात हातात घेतला आणि थोपटला.

“भूपेंद्र शे का फोनवर?” आप्पांनी विचारलं.

होता. पडद्यावर भूपेंद्रचं अर्धं कपाळ आणि मागे सूनबाई शोभाबाई. ती काही बोलत नव्हती, पण नव्या सैपाकघरावर तिचाही जीव होता, हे तिच्या मान पुढे काढण्यावरून दिसत होतं.

“बाबा, जेसीबीवाला इचारी ऱ्हायना. आते काय सांगू?”

“ये म्हना सोमवारले.”

पलीकडे शोभाबाईनं नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढल्याचं स्पष्ट दिसलं. हेमकांतनं मोहिनीकडे बघितलं. तिनं दोन्ही हात वर करून, मी काही केलं नाही, अशी खूण केली.

“पन आयक,” आप्पा फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले. “चुलीमांगली भितले मशीन लावू नको. आजच तठल्या पऱ्हाट्या उचल, आन नीट देख तिले. दोन बोटं झुकेल शे. तुन्ही मायनी एकलीनी बांधेल शे ती. माहीत व्हतं का तुले?”

“नही,” भूपेंद्र म्हणाला. “माले ते वाटे, सगळं तुम्हीच...”

“सगळास्ले तसंच वाटस. मी वाटू दिधं. ती भित आम्ही उनूत का हातखाल उतारसूत, एक-एक ईट. हेमकांत, त्या ईटा नवी खिडकीना भवतीन लागतीन का?”

हेमकांतनं आधी मोठ्या मायच्या हातांकडे बघितलं, डबे भरणाऱ्या त्या हातांकडे. “लागतीन आप्पा. जितल्या शेतस तितल्या लागतीन. मी नकाशा आज बदलस. खिडकी आखो मोठी करस.”

“कर. आन तू बी ये. बांधाले मी शे, मन्हा हात आते कापत नही. दोरी तुले धरनी पडी.” आप्पांनी खिशातून ओळंबा काढला आणि हेमकांतच्या तळहातावर ठेवायला हात पुढं केला.

तो पितळी गोळा हेमकांतच्या हातात पडायच्या आधीच दगूबाईनं मधून उचलला. चाळीस वर्षं हाताळून गुळगुळीत झालेला, आप्पांच्या खिशातला उबदार. तिनं दोरीचा गुंता सोडवला. फोनवर लेक बघत होता, सून बघत होती, समोर हेमकांत आणि मोहिनी. कोणालाही निरोप न देता, गाय नाही, मांजर नाही, तिनं सरळ नवऱ्याकडे बघितलं.

“तुम्ही भित बांधा,” ती म्हणाली. “अवंदा दोरी मी धरसू.”